कराची ते जुहू

विलायतेहून विमानाने आलेले टपाल कराचीस उतरून पुढे आगगाडीने मुंबईस यावे, हा शिरस्ता १५ ऑक्टोबर १९३२ रोजी मोडला. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा चिमुकल्या पस मॉथ विमानात टपालाच्या थैल्या घेऊन प्रातःकाळी कराचीहून निघाले आणि अहमदाबादेस, बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून घेण्यापुरते थांबून, ताशी सुमारे १०० मैलांच्या वेगाने, दुपारी जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासेस नेले. कराची ते मुंबई हे सरळ रेषेतील सुमारे ५५० मैलांचे अंतर असे अर्ध्या दिवसापुरते उरले. तथापि वर्षाकाळी जुहूची धावपट्टी भरतीच्या पाण्याखाली जाई आणि या वेगवान वाहनास पुण्यास मुक्काम हलवावा लागे, कारण समुद्रावर मात्र कोणाचीच हुकमत चालत नव्हती.