बॅबेजची तंद्री

मागच्या आठवड्यात हापिसात एका मीटिंगमध्ये माझी तंद्री लागली. समोर कुणीतरी एक्सेलचे रकाने समजावून सांगत होतं आणि मी मनातल्या मनात भलताच प्रोग्रॅम लिहीत बसलो होतो. "काय रे, कुठे हरवलास?" असा प्रश्न आला आणि खोलीत हशा पिकला. अशा वेळी मला हटकून चार्ल्स बॅबेज आठवतो. कारण ज्या यंत्रांवर माझं पोट चालतं, त्यांच्या कुळकथेची सुरुवात अशाच एका तंद्रीने होते.

साल १८१२ किंवा १८१३. केंब्रिजमध्ये शिकणारा बॅबेज मित्रमंडळाच्या खोलीत टेबलावर डोकं टेकवून पेंगत होता. पुढ्यात लॉगॅरिदमची कोष्टकं उघडी. (होय, तीच, अकरावी-बारावीला आपल्या डोक्याला ताप देणारी लॉग टेबलं!) एक मित्र आत आला आणि त्याने विचारलं, की बाबा रे, कसली स्वप्नं बघतोयस? बॅबेजने कोष्टकाकडे बोट दाखवून सांगितलं, की हे सगळं यंत्राने करता येईल असा विचार करतोय. १८६४ साली आलेल्या आत्मचरित्रात त्याने हा किस्सा दिला आहे आणि तो आपल्याला एका मित्राकडून मिळाला असंही प्रामाणिकपणे सांगितलं आहे.

आता गंमत बघा. या दिव्य क्षणानंतर पुढची आठेक वर्षं यंत्राच्या बाबतीत काहीही घडलं नाही. मनातले मांडे मनातच राहिले.

मग आलं १८२१. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल आणि बॅबेज खगोलशास्त्रासाठी करून घेतलेली आकडेमोड तपासत बसले होते. त्या काळी 'कम्प्युटर' हे माणसाच्या हुद्द्याचं नाव होतं. हाताने हिशेब करणाऱ्या माणसांना कम्प्युटर म्हणत. माणूस म्हटला की चुका आल्याच. त्या दिवशी चुकांमागून चुका निघत गेल्या आणि बॅबेज इतका वैतागला, की हे हिशेब वाफेवर चालले असते तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या तोंडून निघालं. १८२२ साली त्याचं छोटं चालतं मॉडेल तयार होतं! म्हणजे तंद्रीने बी पेरलं खरं, पण उगवलं ते वैतागाचं पाणी मिळाल्यावर.

त्यामागची युक्ती साधी आहे. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. शेजारच्या आकड्यांमधले फरक ३, ५, ७, ९. त्या फरकांमधला फरक कायम २. म्हणजे पुढचा वर्ग काढायला गुणाकार नकोच. ९ मध्ये २ मिळवले की ११, आणि २५ मध्ये ११ मिळवले की ३६. नुसत्या बेरजा, आणि बेरजा दातेरी चाकं करू शकतात. म्हणून यंत्राचं नाव डिफरन्स इंजिन.

१८२३ मध्ये सरकारने पैसे द्यायला सुरुवात केली. जोसेफ क्लेमंट नावाचा कसबी कारागीर भाग घडवू लागला. पूर्ण यंत्राला लागणार होते सुमारे २५,००० भाग. १८३२ पर्यंत जुळून आला फक्त एक छोटा तुकडा. तो छान चालत असे, पण तुकडाच. १८३३ मध्ये क्लेमंटशी पैशांवरून बिनसलं आणि काम थांबलं.

आणि नेमकी इथेच बॅबेजची दुसरी तंद्री लागली. १८३४ पासून तो ॲनालिटिकल इंजिनाच्या मागे लागला. आकडे साठवायला वेगळी जागा, हिशेब करायला वेगळी गिरणी, आणि हुकूम द्यायला जाकार्डच्या मागावरची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. मेमरी, प्रोसेसर, प्रोग्रॅम, सगळं आलं की! एडा लव्हलेसने १८४३ मध्ये त्यावर लिहिलेल्या टिपा आजही वाचल्या जातात. वाचताना माझ्या अंगावर काटा येतो.

पण सरकारच्या बाजूने बघा. १७,००० पौंडांच्या वर खर्च झालाय, पहिलं यंत्र अर्धवट, आणि हे गृहस्थ म्हणतायत की त्याहून भारी काहीतरी सुचलंय. १८४२ मध्ये सरकारने हात झटकले. मला त्यांचा फार राग येत नाही. मी मॅनेजर असतो तर तेच केलं असतं.

याउलट स्टॉकहोममधले गेऑर्ग शॉइट्झ हे छपाईच्या धंद्यातले गृहस्थ. त्यांनी बॅबेजच्या यंत्रावरचा लेख वाचला, मुलाला हाताशी धरलं आणि बेताच्या आकाराचं डिफरन्स इंजिन १८५३ मध्ये पूर्ण करून दाखवलं. स्वप्न उसनं आणि लहान, पण ते चाललं. बॅबेजनेही मोठ्या मनाने त्यांची पाठराखण केली.

मग काय, बॅबेज म्हणजे नुसता शेखमहंमद? तसं म्हणवत नाही. १८४७ ते १८४९ या काळात त्याने डिफरन्स इंजिन नंबर दोनचे आराखडे काढले. त्यात भाग लागणार होते सुमारे ८,०००, पहिल्याच्या एक तृतीयांश. ही काटकसर त्याला शिकवली ती त्या 'निरुपयोगी' दुसऱ्या स्वप्नानेच! हेही यंत्र त्याच्या हयातीत झालं नाही. १८७१ मध्ये तो वारला. पण लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच कागदांवरून १९९१ मध्ये त्याचा हिशेब करणारा भाग बांधला, आणि २००२ मध्ये छपाईचा भागही. यंत्र चाललं. ३१ अंकांपर्यंत!

दिवास्वप्नाचा फायदा-तोटा मला या कागदांत दिसतो. तंद्रीत सगळं सोपं असतं, कुठलंही चाक अडकत नाही. म्हणून ती नवं सुचवते, आणि म्हणूनच हातातलं अर्धवट सोडायला लावते. कागदावर चाक काढलं की मग कळतं ते कुठे अडकणार. आणि कागद आपल्यामागेही उरतो.

हे सगळं मी स्वतःलाच सांगतोय. तीन वर्षांपूर्वी वडिलांनी सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब ठेवायला साधा प्रोग्रॅम मागितला होता. माझ्या डोक्यात तो जगातल्या सगळ्या सोसायट्यांचा झाला, फोनवर आला, बँकेला जोडला गेला... आणि वडील अजून पट्टीने वहीत रेघा आखतायत. आज सकाळी मी एका कागदावर नुसते रकाने काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून ते वरपासून खालपर्यंत पाहिले आणि म्हणाले, "पावती नंबराचा रकाना राहिला की रे."

तीन वर्षांच्या स्वप्नात तो कधीच दिसला नव्हता.