नगर : एका दिवसात पाहिलेली राजधानी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

हल्ली गावोगावच्या ट्रॅव्हल्सच्या दुकानांवर 'एक दिवसाची खासगी सहल' अशी पाटी हमखास दिसते. गाडी तुमच्यापुरती, माणसं तुमच्या घरातली, वेळही तुमच्या सोयीची. सकाळी उचलायचं, एखाद्या राजधानीचे किल्ले, महाल, मकबरे दाखवायचे आणि रात्री दारात आणून सोडायचं. आमच्या भिवंडीतले लोकही आता अशा सहलींना जाऊ लागले आहेत. कुणी जयपूरला, कुणी हैदराबादला, कुणी विजापूरला. पण ज्या राजधानीकडून एके काळी खुद्द आमच्या भिवंडीवर अंमल चालत होता, तिथे जाऊन आलेला माणूस विरळाच. ती राजधानी म्हणजे निजामशाहीचं अहमदनगर. २०२४ मध्ये शहराचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं. मी जुन्या काळाबद्दल बोलतो आहे, म्हणून जुनं नाव वापरीन. लोकांच्या तोंडी ते पूर्वीही नुसतं 'नगर' होतं आणि आजही 'नगर'च आहे.

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण एक गाडी ठरवून नगरला जाऊन आलो. बरोबर यंत्रमागाच्या धंद्यातले माझे दोन भाचे होते. कल्याण, मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळे फाटा, टाकळी ढोकेश्वर आणि नगर असा सरळ रस्ता आहे. साधारण पाच तास लागतात. पहाटे निघालं तर उन्हं चढायच्या आत माणूस नगरात पोचतो.

खरं म्हणजे हा रस्ताच निजामशाहीच्या इतिहासाचं पहिलं पान आहे. घाट चढून गेलं की उजव्या हाताला जुन्नर राहतं. बहमनी राज्य खिळखिळं होत होतं तेव्हा मलिक अहमद नावाचा तरुण सरदार जुन्नरला होता. शिवनेरीसह आसपासचे किल्ले त्याने ताब्यात घेतले. त्याचे वडील मलिक हसन हे बहमनी दरबारातले मोठे वजीर. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की हे घराणं मूळचं पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचं. आपल्या परभणी जिल्ह्यातली ती पाथरी. म्हणजे ज्याला आपण परक्यांची शाही म्हणून शाळेत चार ओळींत संपवतो, तिची मुळं गोदावरीच्या काठावरच निघतात.

२८ मे १४९० रोजी मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला. जिथे लढाई जिंकली तिथे त्याने बाग केली आणि पुढे सीना नदीच्या काठी आपल्या नावाचं शहर वसवलं. ही जागा त्याने मोठ्या हिशेबाने निवडली होती. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या साधारण मधोमध ती पडते. दौलताबादचा किल्ला त्याला हवा होता आणि तो त्याने १४९९ मध्ये मिळवलाही. थोड्याच वर्षांत हे शहर बगदाद आणि कैरोच्या तोडीचं मानलं जाऊ लागलं, असं फिरिश्ता लिहितो. तो स्वतः नगरातच लहानाचा मोठा झाला होता. तेव्हा त्यात गावाच्या अभिमानाचा थोडा वाटा धरून चालावा.

नगरात पहिला मुक्काम बाग रोजावर. शहराच्या कडेला काळ्या दगडाची घुमटवजा इमारत आहे, तीत अहमद निजामशहाची कबर आहे. आत भिंतींवर कुराणातल्या आयती कोरलेल्या आहेत. इथे बडेजाव नाही. दगड मात्र असा, की हात फिरवावासा वाटतो. तिथून भुईकोट किल्ल्याजवळची दमडी मशीद. ही १५६७ च्या सुमाराची. इमारत अगदी लहान, पण दगडावरचं कोरीव काम पाहून आमच्या घरातल्या बायका म्हणाल्या, "ही तर जाळीची ओढणीच झाली." लोक सांगतात, किल्ल्याचं बांधकाम करणाऱ्या मजुरांनी रोजच्या मजुरीतून एकेक दमडी बाजूला ठेवली आणि त्यातून ही मशीद उभी राहिली. ही लोककथा आहे. पण लोकांनी ही कथा सुलतानाच्या नावावर न लावता मजुराच्या नावावर लावली, हे मला मोलाचं वाटतं.

इथे धाकट्या भाच्याने विचारलं, "मामू, हे सगळं ठीक आहे. पण यातलं आपलं काय?"

प्रश्न साधा होता, पण आमच्या गावात तो साधा राहत नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिलेल्या गावात वाढलेल्या मुलाला दोन्ही बाजूंनी एकच गोष्ट सांगितली जाते. एक म्हणतो, सुलतानांचा इतिहास तुमचा, शिवाजी महाराजांचा आमचा. दुसरा म्हणतो, तिकडे आपलं काहीच नाही, आपण आपल्या मागाकडे बघावं. मी त्याला तिथे उत्तर दिलं नाही. म्हटलं, दिवस मोठा आहे, आधी पाहून घे.

पुढे आम्ही नगरातल्या शहा शरीफ यांच्या दर्ग्यावर गेलो. वेरूळच्या मालोजीराजे भोसल्यांना मूल होत नव्हतं, त्यांनी या पिराला नवस केला आणि झालेल्या दोन मुलांची नावं पिराच्या नावावरून शहाजी आणि शरीफजी अशी ठेवली, ही हकिगत मराठी मुलखात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. मालोजीराजे निजामशाहीचे सरदार होते. हेच शहाजीराजे पुढे शिवाजी महाराजांचे वडील. नगरपासून जवळच भातवडी आहे. १६२४ मध्ये तिथे मोगल आणि आदिलशाही फौजा एका बाजूला आणि निजामशाही फौज दुसऱ्या बाजूला अशी मोठी लढाई झाली. निजामशाहीचा सूत्रधार होता मलिक अंबर. आफ्रिकेतल्या हबसाणातून गुलाम म्हणून विकत विकत आलेला हा माणूस दख्खनचा कर्ता पुरुष झाला. त्याने तळ्याचं पाणी सोडून शत्रूचा तळ चिखलात रुतवला. त्या दिवशी त्याच्या बाजूने दोघे भाऊ लढले. शहाजीराजे नावारूपाला आले आणि शरीफजी रणात पडले. मुसलमान पिराचं नाव लावणारा मराठा तरुण, हबशी सेनापतीच्या हाताखाली, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध दख्खनसाठी मेला. हा इतिहास कुणाच्या खात्यात टाकायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुपारी भुईकोट किल्ला. मूळचा किल्ला मलिक अहमदचा, पण आज दिसणारा दगडी कोट त्याचा नातू हुसेन निजामशहा याने बांधून घेतला. घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आणि भोवती रुंद खंदक. तो लष्कराच्या ताब्यात आहे. म्हणून जाणाऱ्यांनी ओळखपत्र बरोबर ठेवावं आणि प्रवेशाची चौकशी आधीच करावी.

हा किल्ला चांदबिबीचा. हुसेन निजामशहाची ती मुलगी, विजापूरच्या अली आदिलशहाला दिलेली. १५८० मध्ये नवऱ्याचा खून झाल्यावर तिने लहान पुतण्याच्या नावाने विजापूर सांभाळलं. पुढे माहेरावर संकट आलं तेव्हा ती नगरला परतली. अकबराचा मुलगा मुराद १५९५ च्या अखेरीस फौज घेऊन आला. सुरुंग लावून मोगलांनी तटाला खिंडार पाडलं. चांदबिबी स्वतः खिंडाराशी उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा बांधून घेतला. शेवटी वऱ्हाड देऊन तह झाला, पण नगर वाचलं. गंमत पाहा, वेढा घालणाऱ्यांत खानखानान अब्दुर्रहीमही होता. ज्याचे दोहे आपण हिंदीच्या पुस्तकात पाठ केले, तोच हा रहीम. कवीच्या हातात तलवार असली की ती कुणाच्या बाजूने चालेल याचा भरवसा नसतो!

१६०० मध्ये मोगल पुन्हा आले. या वेळी तग धरणं अशक्य आहे हे ओळखून चांदबिबी तहाचं बोलू लागली. ती फितूर झाली अशी हूल उठली आणि तिच्याच माणसांनी तिला मारलं. त्यानंतर काही दिवसांतच किल्ला पडला. शत्रूच्या सुरुंगाने जे झालं नाही ते घरातल्या अफवेने केलं. अफवेचं मोल आम्हा भिवंडीकरांना कुणी वेगळं सांगायला नको.

याच किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना इंग्रजांनी आणून ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, आपले शंकरराव देव, आणखीही. १९४५ पर्यंत ते इथे होते. नेहरूंनी 'भारताचा शोध' इथे लिहिला, हे पुष्कळांना ठाऊक असतं. मौलानांनी इथेच 'गुबार-ए-खातिर' लिहिलं, हे कमी जणांना ठाऊक आहे. ती पत्रं आहेत. हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला लिहिलेली, पण कैदेतून कधीच न पाठवलेली. त्यात पहाटे उठून स्वतः केलेल्या चहाचं वर्णन आहे, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्यांशी झालेली लढाई आणि मग दोस्ती आहे, आणि नगरच्या जुन्या इतिहासाची, चांदबिबीची आठवणही आहे.

१९४३ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात मौलानांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या अत्यवस्थ असताना सरकारकडे काही मागणं असेल तर पोचवू, असं तुरुंगाधिकाऱ्याने सुचवलं होतं. मौलानांनी नकार दिला. बातमी आली त्या दिवसांतल्या पत्रात ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या, कुणाची म्हणून ठाऊक नसलेल्या कबरीबद्दल लिहितात. शेकडो वेळा पाहिलेली ती कबर आता त्यांना वेगळी दिसू लागते. उर्दू गद्यात इतकं संयमी दुःख फार थोड्या ठिकाणी आहे. ज्या भाचरांना उर्दू लिपी येते त्यांनी ते मुळातून वाचावं, असं मी तिथेच सांगितलं.

परतीच्या आधी फराहबाग पाहिला. तलावाच्या मधोमध उभारलेला हा अष्टकोनी महाल आता पडझडीला आला आहे. नगरच्या राजांनी आणि सरदारांनी कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या गावांहून जमिनीखालच्या खापरी नळांनी शहरात पाणी आणलं होतं. बागा, कारंजी आणि मशिदींचे हौद त्या पाण्यावर चालत. महाल काळवंडला याचं दुःख होतंच, पण दुष्काळी मुलखात पाणी आणण्याची ही विद्या आपण विसरलो याचं अधिक होतं.

शहराबाहेर दहा-बारा किलोमीटरवर डोंगरावर एक तीनमजली अष्टकोनी इमारत लांबूनच दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. ती खरं तर निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. या वजिराने शहराच्या पाण्यासाठी आणि बागांसाठी पुष्कळ केलं. पण लोकांनी त्याच्या कबरीवरही चांदबिबीचं नाव चढवलं. ज्या शहराला आज चौंडीच्या अहिल्याबाईंचं नाव मिळालं आहे, त्या शहराच्या डोंगरावर लोकांनी आपणहून एका राणीचं नाव चारशे वर्षं जपलं. या दोन कर्तबगार स्त्रियांचं एकमेकींशी भांडण असण्याचं काही कारण नाही. भांडण लावायचं की नाही ते आपल्या हातात आहे.

वेळ असता तर श्रीगोंद्यालाही गेलो असतो. तिथे शेख महंमदांची समाधी आहे. निजामशाहीच्या उत्तरकाळातले हे मुसलमान संत, 'योगसंग्राम' हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ त्यांचा. मुसलमान असून तुम्ही मराठीत कसे काय लिहिता, असं मला सभा-संमेलनांत अजूनही कौतुकाने विचारलं जातं. मी दर वेळी शेख महंमदांचं नाव सांगतो. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्यांना हा प्रश्न कुणी विचारल्याचं मी वाचलेलं नाही.

आता भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर. भिंगार हे जुन्या काळापासून विणकरांचं गाव. नगरात पद्मशाली विणकर मोठ्या संख्येने आहेत. आमच्या भिवंडीतही पद्मानगर त्यांचंच आहे. हे एक आपलं. दुसरं, कल्याण-भिवंडीचा हा मुलूख निजामशाहीत होता. ती बुडाल्यावर १६३६ च्या तहाने विजापूरकडे गेला आणि १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी तो स्वराज्यात आणला. आणि तिसरं सर्वांत जवळचं. दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं मोगलांशी झुंज दिली. ती झुंज १६३६ मध्ये संपली ती माहुलीच्या किल्ल्यावर. शहापूरचा माहुली, आपल्या ठाणे जिल्ह्यातला. जुन्नरला सुरू झालेली ही शाही अखेरचा श्वास घ्यायला आपल्या दाराशी आली होती, आणि शेवटपर्यंत तिच्या बाजूने उभा होता तो एक भोसला.

नाशिकच्या रस्त्याने जाताना आसनगावपाशी माहुलीचे सुळके सगळ्यांनाच दिसतात. भाचा सुताच्या व्यवहारासाठी मालेगावला जातो तो याच रस्त्याने. पावसाळ्यात लोक तिथे ट्रेकिंगला गर्दी करतात. पुढच्या सहलीला नगरपर्यंतही जायला नको, माहुलीला जाऊ, असं भाचाच म्हणाला आहे. गाडी तो ठरवणार आहे, गोष्ट मी सांगायची आहे.