कोरडे डोळे, कोरडे तोंड : एका नात्याचा शोध

१/ शिरूर घोडनदीकाठी, दौंड भीमेकाठी. तरीही दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आणि चैत्र-वैशाखात फुफाटा ठरलेला. अशा मुलखात एखाद्या स्त्रीने ‘डोळ्यांत वाळू खुपते, पाण्याच्या घोटाशिवाय भाकरी उतरत नाही’ असे सांगितले, तर दोष उन्हाला, अंगातल्या उष्णतेला किंवा वयाला दिला जाणे साहजिक. पण पावसाळा आला तरी कोरडेपणा हटला नाही तर? याचे उत्तर शोधायला वैद्यकशास्त्राला जवळजवळ अर्धशतक लागले.

२/ १८८८ साली लंडनमध्ये डॉ. हॅडन यांनी तोंड कोरडे पडलेल्या एका स्त्रीची नोंद केली. त्याच वर्षी कोनिग्सबर्ग येथे शल्यविशारद मिकुलिच यांनी अश्रुग्रंथी व लाळग्रंथी सुजलेला एक शेतकरी सहकाऱ्यांपुढे मांडला. दोन्ही नोंदी सुट्याच राहिल्या.

३/ १९०३ मध्ये जर्मन नेत्रतज्ज्ञ शिर्मर यांनी अश्रू मोजण्याची साधी रीत दिली. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवायची आणि पाच मिनिटांत ती किती भिजते ते पाहायचे. ही चाचणी आजही वापरात आहे.

४/ १९२५ मध्ये पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ गुझरो यांनी डोळे, तोंड व इतर श्लेष्मल त्वचा एकाच वेळी कोरड्या पडतात, हे दाखवले.

५/ निर्णायक पाऊल स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांचे. १९३३ च्या प्रबंधात त्यांनी १९ स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी १३ जणींना जुनाट संधिवात होता. डोळे तपासणाऱ्या या वैद्याने तोंड आणि सांधेही विचारात घेतले. विकार एका अवयवाचा नसून सर्व शरीराचा आहे, हे त्यातून उघड झाले.

६/ परीक्षकांवर मात्र प्रबंधाची छाप पडली नाही. शोग्रेन यांना विद्यापीठातील अध्यापनाचा मार्ग बंद झाला आणि ते यंशपिंग या गावी रुग्णालयात रुजू झाले. १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूस हॅमिल्टन यांनी प्रबंध इंग्रजीत आणला, तेव्हा जगाचे लक्ष गेले. पुढे विकाराला शोग्रेन यांचेच नाव मिळाले.

७/ कारण नंतर उलगडले. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळ ग्रंथींवर उलटते. दोन्ही ग्रंथी एकाच हल्ल्यात सापडतात, म्हणून डोळे आणि तोंड एकत्र सुकतात. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या अनेक पट आहे. अर्थात प्रत्येक कोरडेपणा हा विकार नव्हे. काही औषधांनी आणि मधुमेहानेही तोंड सुकते.

८/ डोळे तीन महिन्यांहून अधिक काळ रोज कोरडे राहतात का? वाळू गेल्यासारखे वारंवार वाटते का? कोरडा घास गिळायला पाणी लागते का? निदानाच्या वेळी वैद्य आज हेच विचारतात. डोळ्यांचे दुखणे एका दवाखान्यात, दातांचे दुसऱ्या आणि सांध्यांचे तिसऱ्या दवाखान्यात सांगितले जाते, तेव्हा १८८८ चीच सुटी नोंद पुन्हा लिहिली जाते. तिन्ही तक्रारी एकाच वैद्यापुढे एकत्र मांडल्या, तर शिरूर-दौंडमधल्या त्या स्त्रीला उन्हापलीकडचे कारण सापडू शकते.