मूळ संहिता आणि ट्रायटन

पाठचिकित्सा शिकवताना वर्गात एक प्रश्न हमखास येतो. हस्तलिखितात नंतरच्या हाताने केलेला प्रत्येक बदल भ्रष्टच मानायचा का? याचे एक अनपेक्षित उदाहरण आम्हांला ग्रंथालयाबाहेर आढळले. इंग्लंडमध्ये घरामागच्या शेडमध्ये जुन्या ब्रिटिश मोटारसायकली पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींतही नेमका हाच वाद चालतो.

या यंत्रांच्या जतनाला तिथे व्हिंटेज मोटर सायकल क्लबच्या रूपाने १९४६ मध्येच संघटित स्वरूप आले. तथापि घरी इंजिन खोलण्याची रीत जतनाच्या चळवळीहून जुनी आहे. हेड उतरवून आतला कार्बन कसा खरवडावा, हे कारखान्यांच्या पुस्तिकाच मालकाला शिकवीत. मोटारसायकल हे कामगाराचे रोजचे वाहन होते आणि दुरुस्ती करता करता सुधारणा होणे त्याला स्वाभाविकच वाटे.

या वृत्तीचे ठळक अपत्य म्हणजे ट्रायटन. एडवर्ड टर्नर यांनी आखलेले ट्रायम्फचे जोड-सिलिंडरी इंजिन १९३७ च्या स्पीड ट्विनमधून रस्त्यावर आले. पुढे १९५० मध्ये रेक्स मॅकँडलेस यांची ‘फेदरबेड’ फ्रेम नॉर्टनच्या शर्यती गाड्यांना मिळाली आणि वळणावरची स्थिरता ही नॉर्टनची ख्याती झाली. त्याच सुमारास ५०० सीसीच्या छोट्या शर्यती मोटारींसाठी नॉर्टनच्या इंजिनांना मागणी होती. इंजिन सुटे मिळत नसल्याने अख्खी मोटारसायकल घेऊन इंजिन काढले जाई आणि उरलेली फ्रेम विक्रीला येई. तरुणांनी तिच्यात ट्रायम्फचे इंजिन बसवले. दोन प्रतींच्या संकरातून तिसरी प्रत सिद्ध व्हावी, तशी ही गाडी. आज ती स्वतःच ऐतिहासिक वस्तू ठरली आहे. मात्र तिच्यामागे एक मोडलेली नॉर्टन आणि बहुधा एक मोडलेली ट्रायम्फही आहे, हे विसरता येत नाही.

मग मूळ रूपाशी निष्ठा म्हणजे काय? ट्रायम्फच्या क्रँकशाफ्टच्या पोटात एक नळी असते. फिरण्याच्या वेगाने तेलातील जड कण तिच्यात साचतात. वर्षानुवर्षांचा हा गाळ काढायचा तर सगळे इंजिन खोलावे लागते. तो तसाच ठेवून टाकीला हुबेहूब जुना रंग दिला, तर गाडी प्रदर्शनात शोभते. पण तेलाची वाट बुजली की कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळते. म्हणून कोणी परतीच्या तेलवाटेवर कागदी फिल्टर बसवतो, कोणी सहा व्होल्टची यंत्रणा बारा व्होल्टची करतो, तर कोणी मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन आणतो. यांतील बहुतेक बदल पुन्हा मागे घेता येतात. काढलेला भाग जपून ठेवला, तर पुढच्या मालकाला मूळ रूपाकडे परतण्याची वाट खुली राहते.

खरा अपराध आम्हांला दुसरीकडे दिसतो. कारखान्यातून बाहेर पडताना इंजिनावर आणि फ्रेमवर जो क्रमांक ठोकलेला असे, तोच त्या गाडीचा दाखला. ते दोन क्रमांक जुळले की किंमत वाढते. त्यासाठी जुना आकडा घासून नवा ठोकणारे हातही असतात. असे यंत्र बाहेरून ‘मूळ’ दिसते आणि इतिहासाबाबत खोटे बोलते. उलट दोन भिन्न क्रमांक उघडपणे मिरवणारी ट्रायटन आपले पितृत्व लपवत नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि त्या कामाची कालासह नोंद ग्रंथाच्या अखेरीस ओव्यांतच करून ठेवली. त्यामुळे आजचा अभ्यासक त्या प्रतीशी वाद घालू शकतो, तिच्यामागे जाऊन जुना पाठ शोधू शकतो. वर्गातल्या प्रश्नाला आमचे उत्तर आता असे आहे: बदल कोणता, यासोबतच तो करणाऱ्याने आपली खूण मागे ठेवली की पुसली, हेही तपासावे.