हौशी छायाचित्रकार आणि रस्त्यावरील माणूस

रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरा अडकवून भटकावयास निघणारा मनुष्य आज कोणास नवलाचा वाटत नाही. परवा आम्हीही असेच माण गावाच्या बाजूस हिंडत होतो. एकीकडे हिंजवडीपासून पसरत आलेल्या संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि दुसरीकडे रस्त्याच्या कडेस भाजीची पाटी घेऊन बसलेली एक वृद्ध बाई, असा देखावा आयताच पुढे आला. आम्ही कॅमेरा डोळ्याशी नेला, तोच बाई म्हणाल्या, "काढा की फोटू, पर आधी इचारावं तरी!" आम्ही ओशाळलो. घरी आल्यावर ह्या छंदाचा आपल्याकडील पूर्वेतिहास पुन्हा चाळून पाहिला, तेव्हा बाईंचे हे गाऱ्हाणे त्या छंदाइतकेच जुने असल्याचे ध्यानात आले.

दागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची प्रकाशचित्रे घेण्याची कृती पॅरिस येथे १९ ऑगस्ट १८३९ रोजी जाहीर झाली. त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांत, म्हणजे १८५४ साली, मुंबईस 'फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील तशा संस्था १८५६ मधील. म्हणजे ह्या बाबतीत अग्रमान मुंबईकडेच जातो. सभासदांत इंग्रज अधिकारी व व्यापारी ह्यांचा भरणा असला, तरी एतद्देशीय विद्वानही मागे नव्हते. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे नाव प्राचीन शिलालेखांच्या अभ्यासामुळे सर्वश्रुत आहे. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे ह्या नव्या कलेचे मोठे षोकी होते. दोघेही बंधू ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेले. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला. छंदास शिक्षणाची जोड मिळाली ती अशी.

परंतु हा छंद किती कष्टाचा होता, ह्याची कल्पना आज येणे कठीण. आर्चरने १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या कृतीप्रमाणे काचेवर कलोडियनचा लेप द्यावयाचा, ती काच रौप्यक्षाराच्या द्रवात बुडवावयाची, आणि ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन लगेच ते उठवावयाचे. काच वाळली की सर्व श्रम वाया! आपल्या उन्हाळ्यात ती किती लवकर वाळत असेल हे सांगावयास नकोच. म्हणून बाहेर पडताना काचा, बाटल्या, पाणी आणि काळोखा तंबू हे सारे बिऱ्हाड बरोबर न्यावे लागे. शिवाय चित्र उमटेपर्यंत समोरच्या माणसाने स्तब्ध राहणे अवश्य असे. जो चालत राहिला तो चित्रात धूसर होई किंवा मुळीच दिसत नसे. ह्यामुळेच त्या काळच्या चित्रांत भर वस्तीचे रस्तेदेखील कित्येकदा निर्मनुष्य भासतात.

अशा स्थितीत १८५६ ते १८५८ ह्या काळात जॉन्सन व हेंडरसन ह्यांनी मुंबईत हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक चित्रसंग्रह चालविला. खरीखुरी छायाचित्रे पानांवर चिकटवून ती वर्गणीदारांस पोचविण्याचा हा उद्योग कौतुकास पात्र आहे. पुढे ह्याच जॉन्सनने मुंबईतील नाना जातिजमातींवर ग्रंथ काढला. त्याचे दोन भाग १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्यातील चित्रे दिसतात मुंबईच्या परिसरात घेतल्यासारखी. वास्तविक माणसांची चित्रे निराळी घेतलेली आणि देखावे निराळे, आणि मागाहून त्यांची सांगड घातलेली. खाली मथळा जातीचा. चित्रातील त्या माणसास आईबापांनी ठेवलेले एखादे नाव असेल, ह्याची दादच नाही. पुढे सरकारी आश्रयाने १८६८ ते १८७५ पर्यंत 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड निघाले, त्यांत तर प्रजेची अशी वर्गवारी करणे हाच उद्देश झाला.

कोणी म्हणेल, साधनेच अपुरी होती, त्यास कलावंत काय करणार? ह्यात तथ्य आहे. ही मंडळी नसती, तर त्या काळची पागोटी, लुगडी आणि धंद्यांची हत्यारे आपणांस प्रत्यक्ष कशी दिसती? हे ऋण आम्ही नाकारीत नाही. परंतु माणसास त्याचे नाव विचारावयास कोणत्या रसायनाची गरज होती? १८८८ साली ईस्टमनने शंभर चित्रांची गुंडाळी घातलेला कोडॅक कॅमेरा विकावयास काढला, आणि काचा व तंबू ह्यांची यातायात संपत चालली. आता तर चित्र क्षणार्धात निघते. साधनांची सबब गेली. खोड मात्र राहिली. जॉन्सनला जशी 'जात' हवी होती, तसा परवा आम्हांस 'विरोध' हवा होता. त्या बाई आमच्या लेखी काचेच्या भिंतीपुढची केवळ एक खूण होत्या.

पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा माणला गेलो आणि ह्या खेपेस रीतसर विचारले. बाईंनी पदर सारखा केला, कोथिंबिरीच्या जुड्या नीट रचल्या आणि शेजारी नातवास बसविले. इमारत चित्रात आलीच नाही. कलेच्या जाणकारांस हे चित्र साधारणच वाटेल. त्याची एक प्रत आम्ही बाईंस नेऊन दिली. दुसरीच्या पाठीवर त्यांचे नाव, गाव आणि तारीख लिहून ती जपून ठेविली आहे. दीडशे वर्षांनी ती कोणाच्या हाती पडलीच, तर ह्या बाई कोण, हे त्यास शोधावे लागू नये.