तोंडचा घास

1863 सालचा उन्हाळा सरत आलाय. अ‍ॅरिझोनातल्या कॅन्यन दे शे या दरीच्या तळाशी तुम्ही उभे आहात. दोन्ही बाजूंना तांबड्या दगडाचे सरळसोट कडे आणि मधल्या वाळवटीत फळांनी वाकलेली पीचची झाडं. बाहेरचे लोक ज्यांना नवाहो म्हणतात आणि जे स्वतःला दिने म्हणवतात, त्यांच्या बायका फळं फोडून तापलेल्या खडकांवर वाळत घालताहेत. तुम्ही मात्र त्या दोनेक वर्षांच्या मुलीकडे बघा. पुढच्या सगळ्या वाटेवर तिच्या वयाच्या मुलांच्या तोंडात काय जातं, तेवढंच बघायचं आहे. आजी तिला निळ्या मक्याच्या पिठाची आंबिलीसारखी लापशी भरवते आहे. लापशीत ज्युनिपरच्या पाल्याची राख घातली आहे आणि त्या राखेतून मुलीच्या हाडांना कॅल्शियम मिळतं. शेवटचा घास गिळायच्या आत पोरगी शेळीमागे पळत सुटते.

आता 1864. किट कार्सनच्या हुकुमाखालच्या अमेरिकी फौजेने उभा मका जाळला, जनावरं मारली किंवा हाकून नेली. उपासमारीने लोक शरण आले. त्यांना न्यू मेक्सिकोत, पेकोस नदीकाठच्या बॉस्के रेदोन्दोच्या छावणीकडे पायी हाकललं गेलं. वाट सुमारे 500 किलोमीटरची. मागे दरीत सैनिकांनी पीचची हजारो झाडं तोडून टाकली.

छावणीत शिध्याची रांग लागली आहे. तुम्हीही उभे राहा, हातात धातूचा बिल्ला घ्या. वाट्याला येतं पांढरं पीठ, खारवलेलं डुकराचं मांस आणि कॉफीच्या बिया. हे कसं रांधायचं ते कुणी सांगत नाही. तुमच्या शेजारची बाई बियांना कडधान्य समजून उकळते, पाणी फेकते, पुन्हा उकळते. बिया काही शिजत नाहीत. पीठ नुसतं पाण्यात कालवून पोरांना दिलं की पोटं बिघडतात. नदीचं पाणी खारं. पेरलेला मका किडीने खाल्ला. सरपणासाठी मैलोन् मैल जाऊन मेस्कीटची मुळं खणून आणावी लागतात. हळूहळू बायका शिकतात: पीठ मळायचं, थापायचं आणि चरबीत तळायचं. या तळलेल्या भाकरीला आज कुणी सहज नावं ठेवलेली मला सहन होत नाही. जी पोरं त्या छावणीतून जिवंत परतली, त्यांच्या पोटात तीच होती.

1 जून 1868 ला तह झाला आणि लोक आपल्या मुलखात परतले. तहातल्या कलमानुसार सरकारने 15,000 शेळ्यामेंढ्या द्यायच्या होत्या. त्या आल्या, लोकांनी जिवापाड जपल्या आणि कळप वाढले. त्या काळात फार रेंगाळू नका. बरे दिवस होते, पोरं दूध पीत होती.

1930 च्या दशकात मात्र थांबा. वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी ठरवलंय की चराईने जमीन धुपते आहे, म्हणून जनावरं कमी करायची. धूप खोटी नव्हती. पण ज्या घरांचं पोट त्या जनावरांवर होतं, त्यांना विचारलं कुणी? शेळ्यांना बाजारात किंमत नाही म्हणून त्या आधी गेल्या. तुमच्या डोळ्यांसमोर हजारो शेळ्या गोळ्या घालून तिथेच कुजायला टाकल्या जाताहेत, आणि शेळी म्हणजे गरीब घरातल्या लेकरांचं दूध. मला विचाराल तर नवाहो मुलांच्या आजच्या वाढलेल्या वजनाची गोष्ट शाळेच्या वजनकाट्यापासून सुरूच होत नाही. ती इथून आणि त्या शिध्याच्या रांगेतून सुरू होते.

पुढची काही दशकं झरझर जातात. मुलांना घरापासून दूर निवासी शाळांत नेलं जातं, तिथलं जेवण सरकारी. घरी सरकारी वाटपातले डबे येतात: डबाबंद मांस, पांढरं पीठ, चरबी, साखर. अंगावरच्या दुधाच्या जागी बाटली येते. जमिनीखालून युरेनियम उपसलं जातं, आणि मागे पाचशेहून जास्त बेवारस खाणी उरतात. काही विहिरींचं पाणी त्यातून नासतं.

शतक संपताना एका शाळेत डोकवा. नवाहोंसह सात आदिवासी समाजांच्या 41 शाळांत 'पाथवेज' नावाचा प्रयोग चालला आहे. तिसरी ते पाचवीच्या 1,704 मुलांपैकी सुमारे निम्म्या मुलांना तीन वर्षं कमी चरबीचं जेवण, खेळ आणि आहाराचे धडे मिळाले. 2003 मध्ये निष्कर्ष छापून आले. ताटातली चरबी घटली, मुलांना माहिती झाली, पण त्यांच्या अंगातल्या चरबीत फरक पडला नाही. हा प्रयोग मला मोलाचा वाटतो, कारण त्याने हार लपवली नाही. आठ वर्षांचं मूल शाळेत एक-दोन वेळच जेवतं. बाकीचं घर, दुकान आणि आधीची आठ वर्षं शाळेच्या हातात नसतात.

आता आजचा दिवस. नवाहोंचा मुलूख सुमारे 71,000 चौरस किलोमीटरचा, आपल्या मराठवाड्याहून मोठा, आणि त्यात भाजीपाला-फळं मिळतील अशी मोठी किराणा दुकानं जेमतेम डझनभर. पेट्रोल पंपावर चिप्स आणि सोडा मात्र हमखास. 2014 मध्ये इथल्याच लोकांच्या चळवळीमुळे नवाहो सरकारने कायदा केला आणि पुढच्या एप्रिलपासून चिप्स-सोड्यावर 2 टक्के जादा कर बसला. ताज्या फळभाज्यांवरचा 5 टक्के विक्रीकर त्याआधीच उठवला होता. अमेरिकेत चिप्स-सोड्यावर असा जादा कर पहिल्यांदा लागला तो इथे. त्याचा पैसा गावोगावच्या स्थानिक सभांकडे जातो, भाजीचे मळे आणि चालायच्या वाटा त्यातून होतात. लहान मुलांच्या घरांना दवाखान्यातून फळभाज्यांची चिठ्ठी मिळू लागली. ती जवळच्या दुकानात चालते, म्हणून दुकानदारही भाजी ठेवू लागला.

शिपरॉक गावाच्या बाजूला एका घरात तुम्ही एका ताईबरोबर शिरता. ती डॉक्टर नाही; याच समाजातली, याच भाषेत बोलणारी, घरोघर फिरून आयांना भेटणारी. बाळ तीन महिन्यांचं आहे. नुकतंच ते पहिल्यांदा खळखळून हसलं, आणि प्रथेप्रमाणे ज्याने हसवलं त्या मामाने मेजवानी दिली. बाळाच्या हातून सगळ्यांना मीठ वाटलं. ताई मुद्दाम याच वयात येते. बाळ कधी भुकेलं आहे आणि कधी नुसतं रडतंय हे कसं ओळखायचं, वरचं अन्न कधी सुरू करायचं, बाटलीत सरबत किंवा सोडा का नको, हे ती सांगते. अशा घरभेटींमुळे गोड पेयं कमी झाली आणि वर्षाच्या वयाला वजनही आटोक्यात राहिलं, हे नवाहो बाळांच्या अभ्यासात दिसलं आहे.

आई सगळं ऐकते आणि विचारते, "सोडा नको, पाणी द्या म्हणता. कुठलं पाणी देऊ, ताई?"

तुम्हीही घरात नळ शोधता. नाही. इथल्या सुमारे 30 टक्के घरांत नाही. पिंपं गाडीत टाकून लांबून पाणी आणावं लागतं, आणि जवळच्या विहिरीचा भरवसा नाही. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की 1868 च्या तहाने नवाहोंसाठी पाण्याची सोय करण्याचं बंधन सरकारवर येत नाही. ज्या बाईला आपण बाळाच्या वजनाचा जाब विचारतो, तिच्या दारात पाणी पोचवणं कुणाचंच काम नाही, याचा मला संताप येतो.

ताईला हा प्रश्न नवा नाही. पिण्याच्या पाण्याचा भरलेला कॅन तिने गाडीतून आणलाच आहे, पण तो आठवडाभर पुरणार नाही हे दोघींनाही ठाऊक आहे. घराशेजारी टाकी पुरून आत नळ बसवून देणारी एक संस्था या भागात काम करते. ताई आईकडून रस्त्याच्या खुणा लिहून घेते, कारण या घराला पत्ता नाही, आणि तिथल्या तिथे फोन लावते.