छत नसलेला डबा

सॉफ्टवेअरच्या धंद्यात किमतीचं एक पान असतं. त्यावर तीन चौकटी: बेसिक, प्रो आणि प्रीमियम. असं पान तुम्ही फोनवर कितीदा तरी बघता. जाहिराती नको असतील, व्हिडिओ स्वच्छ दिसायला हवा असेल, तर वरची चौकट घ्या. मी इंजिनिअर असल्यामुळे मला त्यातली एक गंमत माहीत आहे. खालच्या प्लॅनमध्ये जी सोय नसते, ती बऱ्याचदा तयारच असते. ती बंद ठेवायला उलट वेगळा कोड लिहावा लागतो. म्हणजे देण्यापेक्षा न देण्याचंच काम जास्त.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या खूप आधीची आहे. ज्यूल द्युपुई नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८४९ मध्ये ती नेमकी पकडली. तेव्हा काही रेल्वे कंपन्यांच्या तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छत नसे. कंपनी चिकट आहे, असंच कुणालाही वाटेल. द्युपुईचं म्हणणं वेगळं होतं. छताला असे कितीसे पैसे लागतात? पण छत घातलं, तर दुसऱ्या वर्गाचं भाडं परवडणारा माणूसही तिसऱ्यात येऊन बसेल, ही कंपनीची खरी भीती. गरीब प्रवासी भिजतो, तो कंपनीचा त्याच्यावर राग आहे म्हणून नाही. त्याला भिजताना बघून पैसेवाल्याने वरचं तिकीट काढावं, म्हणून.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात ही वर्गवारी रुळांवरून आली. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही मुंबई–नागपूर मार्गावरची स्टेशनं. खामगाव कापसाची मोठी बाजारपेठ, पण मुख्य मार्गापासून बाजूला पडलेली. म्हणून जलंबहून खामगावपर्यंत फाटा काढला गेला आणि १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्याच्या उद्घाटनाला आले. कापसामागोमाग माणसंही या गाड्यांतून जाऊ लागली, अर्थात आपापल्या वर्गात.

१९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. त्यात मुंबई–मद्रास प्रवासाचा साधा हिशेब आहे. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून थोडं जास्त, मग तिसऱ्या वर्गाला निदान एक पंचमांश तरी सोयी मिळतात का? त्यांच्या मते एक दशांशही मिळत नव्हत्या. गर्दी, घाण आणि शौचालयांची दुर्दशा त्यांनी तपशिलात मांडली. वर्ग असू नयेत एवढाच त्यांचा मुद्दा नव्हता. घेतलेल्या पैशांच्या प्रमाणात तरी द्या, ही मागणी होती.

कागदावरचा तिसरा वर्ग १९७४ मध्ये संपला. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपर डब्यातल्या फळ्या मात्र लाकडीच राहिल्या. मग १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम बसवायला घेतला. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, तीही वर्ग नसलेली गाडी म्हणून. ती आपल्याच मार्गावरून, मलकापूर–शेगाववरून धावते. पुढे तिच्यात एसीचे डबे आले, वर्गही आले. पण फोम टिकला, आणि फोममुळे एसीची तिकिटं खपायची थांबली नाहीत. म्हणजे खालच्याला आडवं पडायला धड जागा दिली, तरी वरचा वर्ग चालतो. द्युपुईच्या छताचं उत्तर आपल्याकडे एका मराठी मंत्र्याने दिलं होतं.

आता पासाकडे येऊ. आमच्या जिल्ह्यातल्या मुलांचं थीम पार्क म्हणजे शेगावचं आनंद सागर असायचं: बाग, तलाव आणि छोटी आगगाडी. पण थीम पार्कच्या वार्षिक पासावरून लोक कसे चिडतात, हे बघायला कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडकडेच बघावं लागतं. ते १९५५ मध्ये उघडलं. काही काळाने तिथे खेळांच्या कुपनांना इंग्रजी अक्षरं आली, आणि ‘ई’ म्हणजे सगळ्यात भारी खेळ. १९८२ मध्ये कुपनं बंद झाली आणि एका तिकिटात सगळे खेळ मिळू लागले. पुढे वार्षिक पास रुळला आणि पासातही प्रती पडल्या. स्वस्त पास असेल, तर गर्दीच्या दिवशी प्रवेश नाही.

२०२१ मध्ये जुनी पासयोजना बंद करून चार पायऱ्यांची नवी योजना आली. सगळ्यात वरचा पास १,३९९ डॉलरचा. त्यावर कुठलाही दिवस बंद नाही, असं सांगितलं होतं. पण आत जायला आधी आरक्षण लागे. पासवाल्यांची तक्रार अशी, की त्यांना आरक्षण न मिळालेल्या दिवसांचीही सुटी तिकिटं विकली जात होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि २०२३ मध्ये ९५ लाख डॉलरवर तडजोड झाली. लोक महागाईवर चिडले नव्हते. पास घेतो तो दर वेळी हिशेब करायला लागू नये म्हणून, आणि इथे तो हिशेबच परत आला होता.

बुलढाण्यात या प्रश्नाचं आजचं रूप रस्त्यावर दिसतं. १५ ऑगस्ट २०२५ पासून फास्टॅगचा वार्षिक पास आला. सुरुवातीला तो खासगी कारसाठी ३,००० रुपयांना होता, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. म्हणजे तेव्हा फेरीला १५ रुपये, स्वस्तच. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांच्या नाक्यांवर चालतो. जिल्ह्याच्या उत्तरेला मलकापूर–खामगाववरून राष्ट्रीय महामार्ग जातो. दक्षिणेला मेहकर, सिंदखेडराजाकडून समृद्धी जातो, आणि तो राज्याचा. तिथे पास असूनही टोल वेगळा कापला जातो. नियम लपवलेला नाही, रस्त्याचा मालक वेगळा आहे. तरी गाडीतल्या माणसाला रस्ता दिसतो, मालक दिसत नाही. चिडचिड तिथे होते.

कारवाल्याची ही चिडचिड खरी आहे आणि ती ऐकलीही जाईल. १,३९९ डॉलरवाल्यांना दोन वर्षांत तडजोड मिळाली. तिसऱ्या वर्गाच्या तक्रारीपासून दोन इंच फोमपर्यंत मात्र साठ वर्षं गेली. समृद्धीवर सुरक्षेसाठी दुचाकी आणि रिक्षांना प्रवेश नाही. कारण समजण्यासारखं आहे, पण रस्ता शेजारून गेला तरी मोटारसायकलवर तालुक्याला जाणाऱ्या शेतकऱ्यासाठी तिथे कुठलीच श्रेणी नाही. त्यामुळे पासांचे दर वाचताना मी आता सगळ्यात खालची ओळ आधी बघतो. तिथे कमी दिलंय, की असलेलं काढून घेतलंय? आणि त्या ओळीच्याही खाली कोण उभं आहे?